परक्याच्या बागेत आई-बाबांना घेऊन जाताना

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आई-बाबा जूनच्या पहिल्या आठवड्यात नाशिकहून इंग्लंडला येतायत आणि सहा आठवडे राहणार आहेत. आईंना फुलझाडांचं वेड. बाबांनी पंचवीस वर्षं द्राक्षबाग केली, आता गुडघे दुखतात. तुमच्या घराजवळच्या वळणावर उन्हाळ्यात अधूनमधून रविवारी एक पिवळी पाटी लागते. आज बाग खुली आहे, पैसे धर्मादाय कामाला जातील, असं लिहिलेलं असतं आणि पुढे बाण. तीन उन्हाळे तुम्ही ती पाटी बघून गाडी पुढे नेलीत, कारण 'ते कुणाचं तरी राहतं घर आहे, तिकीट काढून लोकांच्या घरात शिरायचं म्हणजे कसंतरीच वाटतं.' आणि शेवटी विचारलंत, त्यापेक्षा सरळ लंडनच्या प्रसिद्ध क्यू गार्डन्सला नेलेलं बरं का?

मी मूळची वाईची. गेली बरीच वर्षं मिडलंड्समधल्या एका खेड्यात राहते आणि अकरा उन्हाळे आमच्या घरामागची बाग, ती पिवळी पाटी ज्या योजनेची असते त्याच नॅशनल गार्डन स्कीममध्ये, लोकांसाठी उघडते. त्याआधी सात-आठ वर्षं नुसती बघायला जायचे. पाटीच्या बाहेरचा संकोच मला माहीत आहे आणि आत टेबलाशी बसून लोकांची वाट बघणंही माहीत आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमची अडचण कुठली बाग निवडावी ही नाहीच. नॅशनल गार्डन स्कीमच्या संकेतस्थळावर पोस्टकोड आणि तारीख टाकली की आसपासच्या बागांची यादी समोर येते, त्याला माझी गरज नाही. खरी अडचण ही की आपल्याकडे कुणाच्या घरी जायचं तर ओळख लागते, निदान कुणाचा तरी धागा लागतो, आणि ओळख असेल तर पैसे देण्याचा प्रश्न येत नाही. इथे ओळख नाही आणि पैसे आहेत. मग आपण पाहुणे की गिऱ्हाईक, हेच कळत नाही. हे कोडं सुटलं की बाकी सगळं आपोआप सुटतं, म्हणून आधी तेच घेते.

या योजनेची सुरुवात बागांपासून झालीच नाही, नर्सपासून झाली. १८५९ साली लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याची बायको घरीच, दीर्घ आजारानंतर गेली. तिची शुश्रूषा करायला मेरी रॉबिन्सन नावाची नर्स ठेवलेली होती. बायको गेल्यावर रॅथबोननं त्या नर्सला कामावरून सोडलं नाही. शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची काळजी घ्यायला पाठवलं. घरोघर जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सची व्यवस्था इथे त्यातून उभी राहिली आणि १८८७ पासून क्वीन्स नर्सिंग इन्स्टिट्यूट तिचं काम बघू लागली. तेव्हा सरकारी आरोग्यसेवा नव्हती, सगळं देणग्यांवर चालायचं. राणी अलेक्झांड्रा या संस्थेची आश्रयदाती होती. ती १९२५ मध्ये वारली, तिच्या स्मरणार्थ निधी उभारायचं ठरलं, आणि संस्थेच्या मंडळावरच्या एल्सी वॅग यांनी सुचवलं की इंग्लंडात इतक्या सुंदर खासगी बागा आहेत, त्या लोकांना बघायला मिळत नाहीत, तर त्या उघडायला सांगू आणि माणशी एक शिलिंग घेऊ. १९२७ साली ६०९ बागा उघडल्या आणि ८,१९१ पौंड जमले. तेव्हा पौंडाचे वीस शिलिंग असत. हिशेब केला तर जवळपास १ लाख ६४ हजार शिलिंग होतात. त्या पहिल्या वर्षात राजाची सँड्रिंगहॅमची बागसुद्धा होती.

पुढे १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा आली, डिस्ट्रिक्ट नर्स तिच्यात गेल्या, पण बागा उघडायची पद्धत राहिली. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून तीन हजारांहून जास्त बागा या योजनेत उघडतात. पैसे मुख्यतः नर्सिंगच्या आणि आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या संस्थांना जातात: कर्करुग्णांसाठीची मॅकमिलन, अखेरच्या आजारात घरी नर्स पाठवणारी मेरी क्युरी, शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणारी हॉस्पिस, पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठीची संस्था, घरी आजाऱ्याचं करणाऱ्या नातेवाइकांसाठीची संस्था. स्कॉटलंडची योजना वेगळी आहे, ती १९३१ पासूनची.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की दारातल्या टेबलावर तुम्ही जे पाच-सात पौंड देता ती घरमालकाच्या घरात शिरण्याची किंमत नव्हे. त्यातली दमडीही मालकाच्या खिशात जात नाही. उलट कंपोस्ट, रोपं, केकचं लोणी-साखर हे तो पदरचं घालतो. तो बाग देतो, तुम्ही पैसे देता, आणि दोघांचं मिळून तिसऱ्याच कुणाच्या उशाशी रात्री नर्स बसते. आमच्या सासूबाई शेवटचे अठरा दिवस घरीच होत्या. त्यांच्या उशाशी रात्री बसायला मेरी क्युरीची नर्स यायची, तेव्हा मी पहिल्यांदा सलग पाच तास झोपले. पुढच्या वर्षी मी बाग उघडायचा अर्ज केला. आमच्याकडे येणाऱ्यांत दर वर्षी दोन-तीन जण तरी असे असतात की ज्यांच्या घरी अशीच एखादी नर्स येऊन गेलेली असते. ते तिकिटाचे पैसे देतात, सुटे परत घेत नाहीत, काही बोलतही नाहीत.

तेव्हा तुम्ही आगंतुक नाही. पाटी लावणाऱ्यानं बोलावलेलं आहे, आणि मनापासून बोलावलेलं आहे. आम्ही फेब्रुवारीपासून त्या एका दुपारची तयारी करतो. सकाळी उठून हिरवळीच्या कडा कातरीनं सरळ करतो, कोमेजलेली फुलं खुडतो, आणि दोन वाजता पहिली गाडी थांबते का ते बघत बसतो. कुणी आलंच नाही तर, ही धाकधूक अकरा वर्षांनीही गेलेली नाही.

आता क्यूबद्दल. क्यू बघावीच, पण तिला एक दिवस वेगळा द्या. ती वनस्पतींची पंढरी आहे, आणि पंढरीला जाऊन आलं तरी शेजारच्या काकूंच्या वाफ्यापाशी उभं राहून गप्पा मारायची भूक राहतेच. क्यूमध्ये झाड दिसतं, ते लावणारा हात दिसत नाही. इथे हात समोर उभा असतो, नखांत माती घेऊन. तुमच्या आई-बाबांना मी ओळखत नाही, पण ज्यानं पंचवीस वर्षं बाग केली त्याला दुसरा बाग करणारा भेटणं याचं मोल वेगळं असतं, एवढं खात्रीनं सांगते.

म्हणून माझा आग्रह असा की पहिल्यांदा जाताना मोठ्या हवेलीची नामांकित बाग घेऊ नका. छोटी घ्या. शक्य असेल तर एखाद्या खेड्यातल्या सहा-आठ घरांनी मिळून एकाच दिवशी उघडलेल्या बागा घ्या. या योजनेत एकट्यानं बाग उघडायची तर माणूस पाऊण तास तरी रमेल इतकं तिथे असावं अशी अपेक्षा असते. आमच्यासारख्यांची जागा तेवढी नसते, म्हणून गावातली घरं एकत्र येतात. एकाच तिकिटात सगळीकडे फिरता येतं. आमची बाग तीस फूट रुंद आणि नव्वद फूट लांब आहे. शेजारी एक निवृत्त पोस्टमन नुसती डाळिंबी रंगाची आणि पांढरी फुलं लावतात, त्यापुढच्या घरात फक्त भाज्या आहेत. एका दुपारी सहा माणसांचे सहा स्वभाव बघायला मिळतात. आणि बाबांचे गुडघे बोलू लागले तर तिसऱ्या घरात थांबून चहा घेता येतो, सगळं बघायलाच पाहिजे असं नाही.

बाबांसाठी यादीत आणखी एक शोधा: जुनी भिंतबंद भाजीची बाग किंवा काचघर, ज्यात द्राक्षवेल आहे. आपल्याकडे नाशिकला वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. इथे वेल थंडीत झोपतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत एकदाच मुख्य छाटणी, नंतर उन्हाळ्यात नुसते शेंडे खुडणं. नाशिकच्या माणसाला ही गोष्ट कळली की तो गप्प बसणार नाही, आणि काचघराच्या मालकाला एका वेलीवर वर्षात दोनदा कात्री चालवणारा माणूस भेटला की तोही बसणार नाही. माझ्या ओळखीतले सांगलीकडचे एक काका अशाच एका काचघरात चाळीस मिनिटं होते. इंग्रजी बेताचं. काका वेलीच्या काडीवर बोट ठेवून डोळे, म्हणजे फुटीचे कोंब, मोजून दाखवत होते, काचघराचा म्हातारा मालक मान हलवत होता. बाहेर आल्यावर काका म्हणाले, 'माणूस जाणकार आहे, पण घड विरळ करत नाही.'

आईंसाठी जून हा सगळ्यांत भरलेला महिना. गुलाब, पिओनी, स्वीट पी, फॉक्सग्लोव्ह, डेल्फिनियम हे सगळं तेव्हाच असतं. फेब्रुवारीत स्नोड्रॉप, एप्रिलमध्ये ट्युलिप, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डेलिया, पण ते पुढच्या खेपेला.

एक झाड मात्र त्यांना मुद्दाम दाखवा. इथल्या कितीतरी बागांत पांढऱ्याशुभ्र खोडाचा एक बर्च असतो, कागदासारखी साल सुटणारा. हौशी मालक थंडीत त्याची खोडं फडक्यानं धुऊन चकचकीत करतात. विचारलंत तर बहुतेक उत्तर येईल, जॅकमॉन्टाय. तो हिमालयातला भूर्ज आहे. ज्याच्या सालीवर आपले ग्रंथ लिहिले गेले, तोच भूर्जपत्राचा वृक्ष. आणि ज्याच्या नावानं तो ओळखला जातो तो फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिक्टर जॅकमॉन्ट हिमालयात हिंडून १८३२ साली आपल्या मुंबईत वारला, वय जेमतेम एकतीस. माझ्या आईला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं खोडाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. घरमालकीण लांबून बघत होती. नंतर येऊन तिनं विचारलं, हे काय होतं? मी सांगितलं. तिला त्या झाडाचं लॅटिन नाव पाठ होतं, त्यावर पोथ्या लिहिल्या जात हे ठाऊक नव्हतं. तिनं खाली गळून पडलेला सालीचा एक तुकडा उचलून आईच्या हातात दिला. तो आईच्या पोथीत खुणेसाठी ठेवलेला होता.

इथून ज्या गोष्टीवर मला थांबून बोलायचंय तिथे येते, कारण ती तुमच्या प्रश्नात नव्हती आणि सगळ्यांत जास्त घोटाळा तिथेच होतो. फूल तोडणं.

आपल्याकडे सकाळी फिरायला गेलेल्या बाईनं कुंपणाबाहेर आलेली जास्वंद, तगर, पारिजातक देवासाठी परडीत घेतली तर त्याला कुणी चोरी म्हणत नाही. मनी प्लांट तर न विचारता आणला तरच लागतो असं म्हणणारी माणसं माझ्या माहेरी आहेत. आईंच्या मनात काही वाईट नसणार, हात सवयीनं जातो. पण इथे एक फूलही तोडायचं नाही, हे घरून निघण्याआधी सांगा, बागेत पोहोचल्यावर चारचौघांत नको. मी एकदा एका कुटुंबाला माझ्या मैत्रिणीच्या बागेत घेऊन गेले होते. त्यांच्यातल्या आजींनी एक गुलाबी पिओनी खुडून अंबाड्यात खोचली. पिओनीचं नवं रोप लावलं की नीट फुलायला दोन-तीन वर्षं घेतं. ते त्या रोपाचं पहिलं फूल होतं आणि एकुलतं एक. मैत्रीण हसली, 'तुमच्या केसांत छान दिसतंय' म्हणाली, पण मला तिचा चेहरा दिसला होता. आजींना नंतर कळलं तेव्हा त्या गाडीत घरापर्यंत काही बोलल्या नाहीत. चूक माझी होती. त्यांना आधी सांगायला हवं होतं.

देवासाठी हवंच असेल तर विचारावं. सरळ सांगावं की आई सकाळी पूजा करते, खाली पडलेल्या गुलाबाच्या पाकळ्या घेतल्या तर चालेल का. मला आजवर एकाही मालकानं नाही म्हटलेलं नाही. बऱ्याचदा कात्री आणून एक फूल कापून दिलंय. फांदीचंही तेच. कटिंग मागणं अजिबात गैर नाही, बागवाले एकमेकांना देतच असतात, पण वाफ्याशी उभं राहून नव्हे. शेवटी, गर्दी ओसरल्यावर विचारावं. आणि दारात रोपांचं टेबल असेल तर आधी तिथे बघावं. ती रोपं मालकानं स्वतः वाढवलेली असतात आणि त्यांचेही पैसे सहसा त्याच कामाला जातात.

हात न लावण्याचं एक कारण सुरक्षेचंही आहे, विशेषतः बरोबर लहान मूल असेल तर. इथल्या वाफ्यांत मंक्सहूड सर्रास असतो, निळ्या टोपीसारखी फुलं येणारा. तो आपल्या बचनागाचा सख्खा भाऊ, मुळापासून पानापर्यंत विषारी. फॉक्सग्लोव्हही विषारीच, हृदयाची डिगॉक्सिनची गोळी त्याच कुळातल्या झाडापासून आली. बघायला काही हरकत नाही. तोंडात जाऊ द्यायचं नाही आणि बोटं लागली तर हात धुवायचे.

आतापर्यंतचं सांगायचं तर: छोटी बाग, भेटायच्या मनानं जायचं, न विचारता काही तोडायचं नाही. आता बाकी व्यवहाराचं पटापट.

गुडघे. यादीत प्रत्येक बागेपुढे खुणा असतात: चाकाची खुर्ची जाते का, चहा आहे का, रोपं विकायला आहेत का, कुत्रा चालतो का. खुर्चीची खूण आहे म्हणजे निदान बराच भाग सपाट असतो. ती नसेल तर वर्णन नीट वाचा. उतार, पायऱ्या, खडीच्या वाटा असं लिहिलेलं असेल तर ते खरंच तसं असतं. खडी सगळ्यांत वाईट, काठीही रुतते. माझ्या बागेत मागच्या टोकाला तीन पायऱ्या आहेत आणि मी तसं लिहिते, तरी लोक येऊन हळहळतात. घडीचं हलकं स्टूल गाडीत ठेवा. पायांत चप्पल किंवा सँडल नको, दुपारचीही हिरवळ इथे ओली असते. पकड असलेले बूट आईंनी साडीवरही घालावेत.

स्वच्छतागृह. बऱ्याच बागांत ते नसतं, कारण घर खासगी असतं आणि बाहेरच्यांना घरात नेत नाहीत. वयस्कर माणसांबरोबर ही गोष्ट दुपार बिघडवू शकते. निघताना घरून, आणि वाटेत कॅफे किंवा सुपरमार्केट कुठे आहे ते बघून ठेवा. गावाच्या सामूहिक बागांमध्ये बहुतेक वेळा गावच्या हॉलमध्ये सोय असते, हाही छोट्या गटाचा फायदा.

चहा आणि केक. हा या दुपारचा अर्धा भाग आहे, टाळू नका. पण आई अंडं खात नसतील तर केकचं टेबल म्हणजे सगळं अंड्याचं. व्हिक्टोरिया स्पंज, लेमन ड्रिझल, कॉफी वॉलनट, सगळ्यांत अंडं. स्कोनवर बऱ्याचदा अंड्याचा हात फिरवलेला असतो. फ्लॅपजॅक मात्र ओट्स, लोणी आणि गोल्डन सिरपचा असतो, त्यात सहसा अंडं नसतं. तरी टेबलामागच्या बाईंना विचारा, त्यांनी स्वतः केलेला असतो त्यामुळे लगेच सांगता येतं. उपास असेल तर बरोबर डबा नेऊन बागेत उघडू नका, नुसता चहा घ्या. मी आमच्याकडे दर वर्षी अंड्याशिवायचा एक रव्याचा केक करते, वेलदोडा घालून. साडेतीनच्या आत संपतो.

वेळ आणि हवामान. बागा साधारणपणे दोन ते पाच उघड्या असतात, काही ठिकाणी अकरापासून. पहिल्या अर्ध्या तासात झुंबड असते, तेव्हा मालक पार्किंग आणि सुट्या पैशांत अडकलेला असतो. गप्पा मारायच्या असतील तर साडेतीन-चारला जा. केक कमी उरेल, माणूस निवांत भेटेल. आणि भुरभुर पाऊस असेल तर हमखास जा. बागा पावसातही बहुतेक उघड्याच राहतात, लोक येत नाहीत, आणि छत्री घेऊन आलेल्या तिघांना मालक स्वतः फिरवून प्रत्येक झाडाची जन्मकथा सांगतो. माझ्या सगळ्यांत चांगल्या ओळखी पावसाच्या रविवारी झाल्यात. निघण्यापूर्वी त्या सकाळी संकेतस्थळ मात्र बघा, वादळ किंवा आजारपण असेल तर ऐन वेळी बाग रद्द होते. तिकीट बऱ्याच ठिकाणी आधीही काढता येतं, दारातही. कार्ड चालतं, तरी खेड्यात मोबाइलची रेंज जाते म्हणून थोडी रोकड असू द्या. मोठ्यांचं साधारण पाच ते आठ पौंड पडतं, मुलं बहुतेक ठिकाणी मोफत.

भेट न्यायची का, असं तुम्ही कंसात विचारलंय. नको. न्यायचीच इच्छा असेल तर देणगीच्या डब्यात दोन पौंड जास्त टाका.

बोलायचं काय? घर केवढ्याला घेतलं, माळी किती घेतो, मुलं किती, हे आपल्याकडे आपुलकीनं विचारतात. इथे पहिल्या भेटीत नको. 'तुमची माती कशी आहे?' एवढं विचारा. इथल्या बागवाल्याचं अर्धं सुखदुःख मातीत असतं. आमच्याकडे चिकणमाती आहे, उन्हाळ्यात भेगा आणि थंडीत चिखल, मी त्यावर तासभर बोलू शकते. 'हे झाड कुठून आणलं?' हाही उत्तम प्रश्न, कारण जुन्या झाडामागे नेहमी माणूस असतो. आईंना इंग्रजी येत नसेल तर तुम्ही सगळंच भाषांतर करत बसू नका. त्यांना बोटानं दाखवू द्या. बागेत हातवाऱ्यांवर पुष्कळ भागतं.

आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं मुळीच समजू नका. माझ्या अंगणात तीन मोठ्या कुंड्यांत अळू आहे. इथे लोक ते शोभेसाठी लावतात, हत्तीचे कान म्हणतात, थंडीत कंद उचलून आत ठेवतात. पहिल्या वर्षी एका बाईंनी पानाचा फोटो काढता काढता विचारलं, याला फूल कधी येतं? मी म्हटलं, फुलाची वाट कोण बघतंय, आम्ही हे खातो. मग तिथेच पान हातात घेऊन बेसन कसं लावायचं, गुंडाळी कशी करायची, चिंच का हवी, हे सगळं सांगितलं. मागे बारा माणसं जमली. शोभेचं कुठलंही अळू खाऊ नका, घशाला खाज सुटते, हेही सांगावं लागलं. आता दर वर्षी कुणीतरी अळूवडीची चौकशी करतंच.

काही गोष्टी मात्र खरोखर तुमच्या परिस्थितीवर आहेत. बाबांना अर्धा तास उभं राहणंही जड जात असेल, तर रविवारची गर्दी टाळून ठरवून भेट देता येते का बघा. यादीत काही मालक आधी कळवून येणाऱ्यांना बाग दाखवतात. त्यांची बहुतेकदा किमान माणसांची अट असते, म्हणून दोन-तीन मराठी कुटुंबं मिळून जा. इतर आई-बाबाही त्याच महिन्यात आलेले असतात. तुम्ही गाडी चालवत नसाल तर शहरातल्या बागा शोधा. लंडन, लेस्टर, बर्मिंगहॅममध्येही उघडतात, कुठे कुठे सार्वजनिक भाजीवाफेसुद्धा. आणि आईंचा स्वभाव मुळातच परक्या घरी अवघडून जाण्याचा असेल, तर पहिल्या दिवशी मोठी, प्रसिद्ध बाग घेतलेली चालेल, जिथे कुणी आपल्याकडे बघत नाही. केंटमधलं सिसिंगहर्स्ट आज जुनी घरं-बागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि जगभरचे लोक तिथे येतात. पण लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्टनं ती स्वतःच्या राहत्या घराची बाग १९३८ मध्ये लोकांसाठी उघडली तेव्हा तिकीट एक शिलिंगच होतं. त्या पाहुण्यांना ती शिलिंगवाले म्हणायची आणि त्यांच्यावर तिचा जीव होता. इतकी नावाजलेली बागसुद्धा अशाच एका पाटीपासून लोकांना खुली झाली, हे आईंना सांगून बघा, बिचकणं जरा कमी होईल.

बियाणं किंवा रोप नाशिकला न्यायचा मोह होईल. नेऊ नका. भारतात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय रोपं-बियाणं नेता येत नाहीत, आणि नियम योग्यच आहे. बाबांनी द्राक्षावरचे रोग बघितलेत, त्यांना वेगळं सांगायला नको.

पण आईंना कुणी फांदी दिलीच, तर ती तुमच्याकडे लावा. जूनमध्ये बहुधा पेलार्गोनियमची (आपण जिरेनियम म्हणतो ते) किंवा पेनस्टेमनची मिळेल. ओल्या कागदी रुमालात गुंडाळून घरी आणा आणि त्याच संध्याकाळी लावा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. बोटभर लांबीची, फूल नसलेली काडी घ्या, पेराच्या अगदी खाली कापा, वरची दोन-तीन पानं ठेवून खालची काढा. निम्मी माती, निम्मी जाड वाळू, छोटी कुंडी, आणि काडी मधोमध न खोचता कडेला, भिंतीला लागून. तिथे मूळ लवकर धरतं. पेलार्गोनियमवर प्लास्टिकची पिशवी घालू नका, कुजतं. पेनस्टेमनवर घातली तर चालेल. उजेड हवा, थेट ऊन नको. आई-बाबा आल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी बाग बघितलीत आणि त्याच रात्री काडी लावलीत, तर आई-बाबांच्या परतीच्या विमानापर्यंत चार आठवडे होतात. तोवर टोकाला नवं पान आलेलं असेल.